दुःखाच्या घाटांतून आनंदाकडे



मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी कसाऱ्यास येऊन थांबते, तेव्हां नव्या प्रवाशास वाटतें कीं, येथें चहापाण्यासाठीं घटकाभर विसावा असावा. परंतु त्या थांबण्याचें कारण निराळेंच असतें. पुढें थळ घाट उभा असतो. सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, असा तो चढ आहे. १८६५ सालीं या घाटांतून लोहमार्ग इगतपुरीपर्यंत आला. पुढें वाफेचीं एंजिनें जाऊन विजेचीं आलीं. परंतु चढ कांहीं कमी झाला नाहीं. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास पाठीमागून जादा एंजिनें जोडण्याची रीत पडली. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. खिडकींतून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशास दऱ्या दिसतात, बोगद्यांचा अंधार दिसतो, पावसाळ्यांत कड्यांवरून उड्या घेणारे धबधबे दिसतात. मागून रेटा देणारें एंजिन मात्र त्याला दिसत नाहीं. गाडी इगतपुरीस पोहोंचते, तेथें बँकर सुटा होतो, आणि मग पुढचा मार्ग मोकळा लागतो.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांत ‘आनंद’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो समजून घेण्यास इगतपुरीचा हा घाट चांगला उपयोगी पडतो. हा आनंद चढ सपाट करीत नाहीं. तो बोगदे बुजवीत नाहीं. तो फक्त चढण्याचें बळ देतो. आणि तेंहि बहुधा अशा बाजूनें देतो, कीं जेथें चढणाऱ्याची दृष्टि पोहोंचत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

सुख आणि आनंद हे दोन शब्द व्यवहारांत आपण एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत मोठें अंतर आहे. सुख बाहेरून येतें. पाऊस वेळेवर पडला, पीक चांगलें आलें, मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला, कीं सुख होतें. आणि या गोष्टी फिरल्या कीं तेंहि फिरतें. आनंदाचें मूळ मनांत खोल असतें. त्याला पाऊसपाण्याची अट नसते. दुःख आलें असतां सुख जागा सोडून निघून जातें. आनंद दुःखाच्या शेजारींच बसून राहतो. यामुळें ज्याच्या डोळ्यांत अश्रु आहेत त्याच्याच मनांत आनंदहि असूं शकतो, ही गोष्ट वरवर विसंगत दिसली, तरी अनुभवाच्या दृष्टीनें खरी ठरते.

ख्रिस्ती धर्मांत ही गोष्ट अगदीं प्रारंभापासून सांगितली गेली आहे. फिलिप्पै नगरांत पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगांत टाकलें आणि त्यांचे पाय खोड्यांत अडकवले, तेव्हां मध्यरात्रीं ते दोघे देवाचीं स्तोत्रें गात होते, अशी कथा नव्या करारांत आहे. पुढें याच नगरांतील मंडळीला पौलानें एक पत्र पाठविलें. तेंहि बंदिवासांतूनच लिहिलेलें. पत्र लहान आहे, चारच अध्यायांचें. परंतु त्यांत आनंद करण्याचा उपदेश इतक्या वेळां आला आहे, कीं वाचणाऱ्यास पत्र लिहिणारा बेड्यांत होता याची आठवण पुनः पुनः करून घ्यावी लागते. प्रत्यक्ष प्रभु येशूनें आपल्या मरणाच्या आदल्या रात्रीं शिष्यांना आनंदाविषयीं सांगितलें, आणि दृष्टान्त दिला तो प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा. तिच्या वेदना खोट्या नसतात. परंतु बाळाचें मुख पाहिल्यावर त्या वेदनांचा अर्थच बदलून जातो. वेदना नव्हत्याच, असें येशूनें म्हटलें नाहीं. त्या व्यर्थ गेल्या नाहींत, एवढेंच त्यानें सांगितलें.

ही झाली ग्रंथांतील गोष्ट. ग्रंथांतील वचनाची परीक्षा शेवटीं माणसाच्या संसारांत व्हावयाची असते. ती परीक्षा पाहण्यासाठीं दूर देशीं जाण्याचें कारण नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या मातींतच अशी एक स्त्री होऊन गेली, कीं जिच्या वांट्यास एका जन्मीं पुरून उरेल इतकें दुःख आलें, आणि जिच्या लेखणींतून साऱ्या महाराष्ट्राला हंसूं मिळालें. ती स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर या गांवीं गोखल्यांच्या घराण्यांत झाला. त्यांचें माहेरचें नांव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्याओवळ्याचें अतोनात वेड होतें. बाजारांतून येणारी वस्तु धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं, असा त्यांचा बाणा होता. त्या वेडाचा जाच घरांतील बायकामुलांना रात्रंदिवस सोसावा लागे. मुलीला बालपण म्हणजे काय तें कळण्यापूर्वीच सारा जगभर विटाळ पसरलेला आहे, ही शिकवण मिळाली. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. टिळक बुद्धीनें तेजस्वी, मनानें उदार, वृत्तीनें कवि, आणि स्वभावानें वादळासारखे होते. पैसा हातीं आला तर तो सायंकाळपर्यंत टिकेल याची शाश्वति नव्हती. कोणी गरजू भेटला कीं खिसा रिकामा व्हावयाचा. मनांत आलें कीं घर सोडून निघून जावयाचें, आणि कोठें गेले याचा घरीं पत्ता नसावयाचा. क्षणांत संताप, क्षणांत पश्चात्ताप. अशा पुरुषाचें मोठेपण जगाला दुरून दिसतें. परंतु त्याच्या घरांत चूल पेटवण्याचें काम जिच्याकडे असतें, तिला तें मोठेपण रोज नव्यानें सोसावें लागतें. त्यांतच अपत्यवियोगाचें दुःखहि लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आलें. १८९१ सालीं दत्तूचा जन्म झाला, तो पुढें त्यांचा आधार ठरला.

याच टिळकांनीं पत्नीला अक्षरओळख करून दिली. लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नव्हत्या. संसाराच्या धबडग्यांत त्या लिहावयास व वाचावयास शिकल्या. पुढें ज्या लेखणीनें मराठी वाङ्मयाला अलंकार दिला, ती लेखणी अशा रीतीनें हातीं आली.

१८९३ सालीं टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले असतां डब्यांत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचें बोलणें काव्यावरून धर्मावर गेलें. निरोप घेतांना त्या प्रवाशानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनीं ती वाचली, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन ते खिळून राहिले. पुढें बराच मानसिक झगडा झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या चरित्रांत हा उदयाचा दिवस होय. परंतु त्याच दिवशीं लक्ष्मीबाईंच्या आयुष्यांत सूर्य मावळला. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. नवरा जिवंत, आणि तरी समाजाच्या दृष्टीनें नाहींसा झालेला. कपाळावर कुंकू, आणि घर मात्र उरलेलें नाहीं. त्या काळच्या समाजांत विधवेला जागा होती, कितीहि दुःखद असली तरी होती, सौभाग्यवतीला होती, परंतु बाटलेल्या पुरुषाच्या बायकोला कोणती जागा द्यावयाची, हें कोणाला ठाऊक नव्हतें. पदरीं लहान मूल घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आश्रयानें राहिल्या. पंढरपुरास बहिणीकडे त्यांचे दिवस गेले. शोकानें त्या अंथरुणास खिळण्याच्या बेतास आल्या. नातलगांनीं त्यांना प्रेमानें जपलें, हेंहि त्यांनीं कृतज्ञतेनें नमूद करून ठेवलें आहे. जुनें तें सारें वाईट आणि नवें तें सारें चांगलें, अशी वांटणी त्यांनीं कधींच केली नाहीं.

कांहीं वर्षांच्या वियोगानंतर त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे राहावयास आल्या. आल्या त्या पत्नी म्हणून. ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपला स्वयंपाक निराळा, आपलें पाणी निराळें, आपलें सोवळें निराळें, अशी त्यांची रीत होती. टिळकांनीं ती मान्य केली. एकाच संसारांत दोन धर्म नांदूं लागले. वादळासारख्या या पुरुषानें येथें जो धीर धरला, तो त्याच्या साऱ्या कवितांइतकाच मोलाचा मानला पाहिजे. बळजबरीनें आणलेली श्रद्धा आणि बळजबरीनें आणलेलें हंसूं, दोन्ही सारखींच निर्जीव असतात.

लक्ष्मीबाईंच्या मनांत पालट झाला, तो कोणाचें प्रवचन ऐकून झाला नाहीं. तो एका साध्या प्रश्नानें झाला. माणसामाणसांत उंच आणि नीच हा भेद देवानें केला, कीं माणसानें? राहुरीस असतांना या प्रश्नाचा विचार त्यांच्या मनांत घोळत राहिला. पशूंच्या जाती निरनिराळ्या दिसतात, परंतु माणसांत तसें कांहींच दिसत नाहीं. तेव्हां हा भेद देवाचा नव्हे, असें त्यांच्या बुद्धीनें ठरविलें. एकदां बुद्धीनें ठरविल्यावर हातांनीं निराळें वागावयाचें नाहीं, हा त्यांच्या स्वभावांतील प्रामाणिकपणा. त्यांनीं सर्वांच्या हातचें अन्नपाणी घेण्याचें ठरविलें. पुढें १९०० सालीं राहुरीसच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें क्षणभर थांबावें. लक्ष्मीबाईंना जो आनंद लाभला, त्याचें पहिलें लक्षण काय होतें? दारिद्र्य संपलें होतें काय? नव्हतें. पतीचा स्वभाव बदलला होता काय? फारसा नव्हता. तुटलेले नातेसंबंध एका दिवसांत जुळले होते काय? तेंहि नाहीं. एकच गोष्ट घडली होती: भीति गेली होती. बालपणापासून मनावर बसलेलें विटाळाचें भूत उतरलें होतें. ज्या मनाला प्रत्येक वस्तूचा आणि प्रत्येक माणसाचा धाक वाटत होता, त्याच मनाला आतां प्रत्येक माणूस आपला वाटूं लागला. आनंद म्हणजे मनाची रुंदी वाढणें, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं. अरुंद मनांत दुःख मावत नाहीं, म्हणून तें मन फुटतें. मन रुंद झालें कीं दुःख तेवढेंच राहूनहि त्याला जागा पुरते.

या रुंदीची परीक्षा लौकरच झाली. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढें वर्षानुवर्षें महाराष्ट्रांतील शहरें आणि खेडीं पोखरीत राहिला. १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळहि त्याच सुमाराचा. गांवें ओस पडत, आणि पोरकीं मुलें रस्त्यावर येत. टिळकांच्या घरांत अशा मुलांना आसरा मिळाला. स्वतःच्या घरांत धान्य पुरतें कीं नाहीं, याची विवंचना असतांना दुसऱ्यांच्या लेंकरांना पंगतीस बसविणें ही गोष्ट सांगावयास सोपी, आणि करावयास किती अवघड, हें ज्यांनीं संसार केला त्यांना सांगावयास नको. नगरास प्लेगाची सांथ आली तेव्हां पतिपत्नींनीं प्लेगाच्या छावणींत जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केली. प्लेगाच्या नुसत्या नांवानें सख्खा भाऊ भावाला टाकून पळत असे, असा तो काळ.

आतां जलालपूरच्या घराची आठवण करावी. ज्या घरांत बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून आंत येत नसे, त्या घरांतील मुलगी प्लेगानें तापलेल्या अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावते, त्याला पाणी पाजते, त्याची घाण काढते. ख्रिस्ती धर्मांतील आनंदाची याहून स्पष्ट व्याख्या कोणत्याहि ग्रंथांत सांपडणार नाहीं. आनंद म्हणजे गाणें नव्हे, टाळ्या नव्हेत, चेहऱ्यावर ठेवलेलें हसरेपण नव्हे. ज्या स्पर्शाची एकदां भीति होती, तोच स्पर्श सेवेसाठीं पुढें करतां येणें, हा आनंद होय.

टिळकांच्या घरीं ज्यांना आसरा मिळाला, त्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे सर्व मराठी वाचकांचे बालकवि, हेहि होते. लक्ष्मीबाईंनीं त्यांना मुलाप्रमाणें वागविलें. १९१८ सालच्या मे महिन्यांत जळगांवजवळ भादली स्थानकावर आगगाडीखालीं सांपडून बालकवींचा अंत झाला. ऐन अठ्ठाविसाव्या वर्षांत तें फूल गळून पडलें. त्यापूर्वी १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला होता. ख्रिस्ताची भक्ति भारतीय वेषांत, भजन, कीर्तन आणि अभंग यांच्या रूपानें लोकांपुढें यावी, ही त्यांची तळमळ होती. त्यांनीं रचलेलीं गीतें आजहि महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंदिरांत गाइलीं जातात. परंतु वेतन सोडल्यामुळें संसाराची घडी पुनः विस्कटली, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळकांनीं इहलोक सोडला. बालकवींच्या मृत्यूस जेमतेम वर्ष झालें होतें.

लक्ष्मीबाईंचें वय त्या वेळीं पन्नाशीच्या घरांत होतें. शालेय शिक्षण नाहीं, संचित द्रव्य नाहीं, आणि ज्याच्या तेजानें घर उजळत होतें तो दिवा विझलेला. त्यांनीं मुंबईंत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करून पोट भरलें. पुढें मुलाबरोबर कराचीस राहिल्या. आणि मग उतारवयांत, मुलाच्या आग्रहावरून, त्यांनीं आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. त्याच ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें १९३४ ते १९३७ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झाल्या. शेवटचा भाग निघाला तो त्यांच्या पश्चात्. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. जेथून प्रवास सुरू झाला, त्याच गोदातीरीं तो संपला.

‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकाचें इंग्रजी रूपान्तर १९५० सालीं प्रसिद्ध झालें, आणि शांता गोखले यांनीं केलेलें नवें भाषान्तर २०१७ सालीं निघालें. म्हणजे या पुस्तकाला वाचक मिळण्याचें अद्यापि थांबलेलें नाहीं. याचें कारण काय असावें? पुस्तकांतील हकीकत पाहूं गेलें तर ती दुःखाची आहे. वडिलांचा जाच, सासरचा त्रास, पतीची बेफिकिरी, वियोग, दारिद्र्य, रोगराई, मृत्यु. दुसऱ्या कोणा लेखिकेनें हेंच लिहिलें असतें, तर वाचकाला रडूं कोसळलें असतें किंवा राग आला असता. लक्ष्मीबाईंचें पुस्तक वाचतांना मात्र तो हंसतो. पान उलटतां उलटतां एकाएकीं त्याचे डोळे भरून येतात, आणि पुनः तो हंसतो. वडिलांच्या सोवळ्याची फजीती त्या सांगतात, परंतु वडिलांविषयीं तिरस्कार कोठेंहि नाहीं. पतीच्या लहरींची गंमत सांगतात, परंतु पतीच्या थोरवीला धक्का लागूं देत नाहींत. स्वतःच्या भोळेपणाची थट्टा तर सर्वांत अधिक करतात.

मागें वळून पाहतांना मनांत कटुता नसणें, ही दुःखावर मिळविलेल्या विजयाची खरी खूण आहे. दुःख सोसून पुष्कळ लोक टिकून राहतात. परंतु मनाला गांठ बसते. ती गांठ ते मुलांनातवंडांच्या हवालीं करून जातात. लक्ष्मीबाईंनीं मागें ठेवलेल्या ठेवींत अशी गांठ नाहीं. क्षमा हा शब्द त्या फारसा उच्चारीत नाहींत. परंतु सारें पुस्तक क्षमेच्या शाईनें लिहिलेलें आहे. टिळकांच्या हातून अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्यहि त्यांनीं हातीं घेतलें. प्रारंभीचे अध्याय टिळकांचे. पुढील मोठा भाग लक्ष्मीबाईंचा. जिला पतीनें अक्षरें शिकविलीं, तिनें पतीचा ग्रंथ पुढें नेला. जो धर्म एकदां त्यांच्या संसाराचा शत्रु म्हणून घरांत शिरला होता, त्याच्या प्रभूचें चरित्र ओवींत गाण्यांत त्यांचीं शेवटचीं वर्षें गेलीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल, कीं दुःखांत आनंद मानावयास सांगणें म्हणजे पीडितांना गप्प बसविणें होय. हा आक्षेप हलका नाहीं. धनवानानें भुकेल्यास आनंदाचा उपदेश करावा, किंवा जुलूम करणारानें जुलूम सोसणारास सहनशीलता शिकवावी, हा धर्माचा दुरुपयोग आहे, आणि तो सर्व धर्मांच्या नांवानें झालेला आहे. परंतु खऱ्या आनंदाची एक कसोटी आहे: तो माणसाला बसवून ठेवीत नाहीं, उठवून कामास लावतो. याचें दुसरें उदाहरण महाराष्ट्रापुढें आहे, तें पंडिता रमाबाईंचें.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांचे आईबाप आणि थोरली बहीण, सर्व उपासमारीनें गेले. भावाबरोबर पायीं भटकत त्यांनीं हिंदुस्थान पालथा घातला. भाऊ १८८० सालीं गेला. त्याच वर्षीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. पदरीं वर्षाचीहि न झालेली मनोरमा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां जे कालपर्यंत त्यांना पंडिता म्हणून मिरवीत होते, त्यांतील पुष्कळांनीं पाठ फिरविली. एवढें सोसलेल्या स्त्रीनें कोपऱ्यांत बसून स्तोत्रें म्हटलीं असतीं, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढलें. आणि १८९६–९७ च्या दुष्काळांत स्वतः दुष्काळी मुलुखांत जाऊन शेंकडों मुलींना आणि विधवांना केडगांवीं आणलें. जिनें भुकेनें आईबाप गमावले, तिलाच भुकेल्या मुलींचा आक्रोश दुरून ऐकूं आला. तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. शेती, विणकाम, छपाई, अध्यापन, सर्व उद्योग तेथें स्त्रियांच्या हातांनीं चालूं लागले.

१९२१ सालीं एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधीं गेली. वार्धक्य, बहिरेपणा आणि हा घाव. तरीहि रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून चालविलेलें पवित्र शास्त्राचें सोप्या मराठीतील भाषान्तर हातचें सोडलें नाहीं. साध्या बाईमाणसाला वाचून कळावें, हा त्या भाषेचा हेतु. तें काम तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं डोळे मिटले. या आनंदाला अफूची गुंगी कोण म्हणेल? गुंगींत पडलेल्या माणसाच्या हातून हजारोंच्या चुली पेटत नाहींत.

लक्ष्मीबाई आणि रमाबाई, दोघींचे स्वभाव अगदीं भिन्न. एक घरगुती, विनोदी, शाळेचा उंबरठा न ओलांडलेली. दुसरी गंभीर, विदुषी, जगभर हिंडलेली. परंतु दोघींच्या चरित्रांतून तीन गोष्टी सारख्याच निघतात.

पहिली ही, कीं त्यांना लाभलेला आनंद एका क्षणांत आकाशांतून पडला नाहीं. तो पावलापावलानें आला. मध्यें शंका आल्या, रात्रीं आल्या, रडणें आलें. ज्याला अद्यापि आनंद सांपडलेला नाहीं, त्याची श्रद्धा खोटी आहे असें कोणी म्हणूं नये. तो कदाचित् अर्ध्या घाटांत, बोगद्यांत असेल.

दुसरी ही, कीं आनंद एकट्यानें भोगतां येत नाहीं. पंगतीस दुसऱ्याचें लेंकरूं बसलें, कीं तो घरांत शिरतो. दुःखी माणूस स्वतःच्याच दुःखाकडे पाहत राहिला तर तें वाढतें. शेजाऱ्याच्या दुःखाकडे वळला तर स्वतःचें हलकें होतें. हा शोध कोणाहि माणसाला, कोणत्याहि धर्मांत, आजच घेतां येण्याजोगा आहे.

तिसरी ही, कीं आनंद भूतकाळालाहि शुद्ध करतो. झालेलें दुःख पुसतां येत नाहीं. परंतु त्याची आठवण विषारी ठेवावयाची कीं निर्मळ करावयाची, हें माणसाच्या हातीं राहतें. ख्रिस्ती माणूस म्हणेल, कीं तेंहि केवळ माणसाच्या हातीं नाहीं. त्याला कृपेचा रेटा लागतो.

त्या रेट्यापाशीं पुनः इगतपुरीचा घाट येतो. लक्ष्मीबाईंच्या काळीं मुंबई आणि नाशिक यांमध्यें आगगाडीनें येणारास आणि जाणारास हा घाट चुकत नव्हता. आजहि चुकत नाहीं. माथ्यावर पोहोंचल्यावर प्रवासी पाय मोकळे करतो, गार वारा अंगावर घेतो, आणि आपण केवढी उंची चढून आलों याचें त्याला नवल वाटतें. चढत असतांना त्याला गाडीची गति मंदच वाटत होती. कदाचित् त्यानें कंटाळून तक्रारहि केली असेल. परंतु गति मंद होती तीच वेळ चढण्याची होती, आणि पाठीमागें न दिसणारें बळ लागलें होतें तेंहि त्याच वेळीं.

जे श्रोते या घटकेस आजाराच्या, कर्जाच्या, वियोगाच्या किंवा एकलेपणाच्या चढावर असतील, त्यांना हा घाट सपाट करून देण्याचें सामर्थ्य कोणत्याहि भाषणांत नाहीं. नाशिकच्या एका मुलीनें तो कसा ओलांडला, एवढेंच येथें सांगतां आलें. ती रडली, थकली, रागावली, हंसली, आणि माथ्यावर पोहोंचली. आणि पोहोंचल्यावर मागून येणारांसाठीं आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवण्यास विसरली नाहीं. ज्यांच्या घरीं तें पुस्तक असेल त्यांनीं तें आज रात्रीं पुनः उघडावें. ज्यांना डोळ्यांनीं वाचणें होत नसेल, त्यांना घरांतील एखाद्या मुलानें दोन पानें वाचून दाखवावीं. त्या दोन पानांत दुःखहि भेटेल, आणि त्याच्या शेजारीं बसलेला आनंदहि भेटेल.